बडीशेप : पाला उदंड, पण गड्डा धरत नाही आणि दाणाही दिसेना

मातीवेडी

बागेत यंदा बडीशेपेच्या दोन जाती लावल्या आहेत. एक नेहमीची, दाण्यासाठीची, उंच वाढणारी. दुसरी बुडाशी पांढरा गड्डा धरणारी, जिला फ्लोरेन्स फेनेल म्हणतात. दोन्ही वाफे शेजारी शेजारी, माती तीच, पाणी तेच, पेरणीही एकाच वेळची.

उंच जातीचा पाला बघून डोळे निवतात. नुसता हात फिरवला तरी बोटांना वास राहतो. पण कमरेएवढी झाली तरी तुऱ्याचं नाव नाही. गड्ड्याच्या जातीचं बरोबर उलटं. बूड जरा कुठे चपटं होऊन फुगायला लागलं की मधूनच दांडा सुटतो, गड्डा तिथेच थांबतो आणि जून होऊन दोरे धरतो.

मला दाणाही हवाय आणि गड्डाही. ज्यांनी बडीशेप बियाण्यापासून पुन्हा बियाण्यापर्यंत नेली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. खत-औषधांपेक्षा वेळेचं गणित समजून घ्यायचं आहे.

सोटमूळ

मातीवेडी, प्रश्न अगदी नेमका विचारलात. बडीशेपेत खतापेक्षा वेळच मोठी.

वनस्पती एकच, फिनिक्युलम व्हल्गेर. पण दोन जातींकडून आपल्याला उलट गोष्टी हव्या असतात. दाण्याच्या जातीने फुलायला हवं आणि गड्ड्याच्या जातीने काढणीपर्यंत फुलता कामा नये. दोघींना फुलायला लावणारी कारणं मात्र तीच: लांबत जाणारे दिवस आणि वाढती उष्णता. म्हणून एकाच मुहूर्तावर दोन्ही पेरल्या की एकीची तरी वेळ चुकते.

दाण्याची जात पेरणीपासून काढणीपर्यंत पाच ते सहा महिने घेते, थंड प्रदेशात त्याहूनही जास्त. पहिले दोन-तीन महिने तिचं सगळं लक्ष मूळ आणि पाला करण्याकडे असतं. तेव्हा कमरेएवढी होऊन तुरा नाही म्हणजे काही बिघडलेलं नाही, तिला राहू द्या. हिवाळा सौम्य असतो तिथे उन्हाळा-पाऊस सरून हवा निवायला लागली की पेरायची. थंडीभर ती अंग धरते, दिवस मोठे होऊ लागले की तुरे काढते आणि कडक उन्हाच्या तोंडाशी दाणा देते. बर्फ पडतो तिथे वसंतात पेरावी लागते. तिथे पहिल्या वर्षी दाणा पिकायला दिवस अपुरे पडू शकतात, पण झाड बहुवर्षायू आहे. मूळ गोठून मेलं नाही तर दुसऱ्या वर्षी लवकर आणि भरघोस फुलतं.

गड्ड्याची जात तीन ते साडेतीन महिन्यांची. तिला हे सगळे दिवस निवत जाणारे, आखूड होत जाणारे मिळायला हवेत. थंड प्रदेशात वर्षातला सर्वात मोठा दिवस उलटून गेल्यावर ती पेरतात ते याच हिशेबाने. गरम प्रदेशात थंडीच्या सुरुवातीला पेरावी, म्हणजे ऊन तापायच्या आत गड्डा हातात येतो.

आता तुमची गड्ड्याची जात आधी का फुलली ते. तिला दिवस आणि उष्णता यांच्या जोडीला ताणही पुरतो. माती एकदा कडक वाळली, रोपं दाटीत अडकली, मूळ दुखावलं, यातलं काहीही झालं की ती डेंगळा, म्हणजे वेळेआधीच फुलाचा दांडा, काढते. कांद्याचं जसं होतं तसंच. एकदा दांडा सुटला की तो छाटून गड्डा पुन्हा फुगत नाही. त्यामुळे ज्यांचा दांडा नुकता दिसतोय ते गड्डे आजच काढा, अजून कोवळे निघतील.

निळावंती

सोटमूळ दादा, सुंदर लिहिलंत. एक विचारायचं होतं. बडीशेपेचं रोप पुन्हा लावलेलं चालत नाही असं सगळे सांगतात. पण वाफा रिकामा व्हायला वेळ असतो, तोवर बी कुठे पेरायचं? मी कागदी कपात रोपं करते आणि कपासकट लावते. माझी तरी छान येतात.

सोटमूळ

कपासकट लावत असाल तर तुम्ही मूळ हलवतच नाही, म्हणून येतात.

बडीशेपेला सोटमूळ असतं (माझं नाव तिच्यावरूनच घेतलंय). वर दोन पानं दिसत असतात तेव्हा खाली मूळ बरंच खोल गेलेलं असतं. ते तुटलं किंवा कुंडीच्या तळाशी वळलं तर झाड मरत नाही, पण दबकतं. दाण्याची जात तो धक्का पचवते. व्यापारी लागवडीतही रोपवाटिकेतून रोपं नेऊन लावतात आणि चांगलं पीक घेतात. मात्र गड्ड्याच्या जातीला धक्का म्हणजे थेट दांडा.

म्हणून माझा आग्रह इतकाच. गड्ड्याची जात जागेवरच टोकायची. अगदीच रोपं करायची असतील तर खोल आणि अरुंद कपात, आणि तिसऱ्या-चौथ्या पानाच्या आत लावून मोकळं व्हायचं. कपाच्या बुडातून मूळ डोकावलं की उशीर झाला.

अण्णा_बागवाले

रोपं ओळखण्याबद्दल लिहितो, कारण निम्मी बडीशेप पहिल्या निंदणीतच जाते.

बी उगवायला आठ ते चौदा दिवस लागतात. माती १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर लवकर, फार गार असेल तर तीन आठवडेही. जी पहिली दोन पानं वर येतात ती बडीशेपेसारखी दिसतच नाहीत. लांब, अरुंद, टोकाकडे निमुळती, हुबेहूब गवताच्या पात्यांची जोडी. बडीशेपेचं पान म्हणून आपण जे ओळखतो, ते केसासारखं चिरलेलं पान, त्यांच्या मधून येतं, आणि तेही सुरुवातीला दोन-तीन फाट्यांचंच. तोवर खुरपं लावू नका. शंका आली तर एक पातं चुरगळून नाकाशी धरा. गवताला वास नसतो, हिला असतो.

याच कारणासाठी बी फेकून पेरू नये. ओळीत टोका. ओळीत उगवलेलं आपलं आणि ओळीबाहेरचं तण, इतकी सोपी खूण दुसरी नाही. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, त्याहून खाली नको. एका जागी तीन-चार दाणे टोकावेत. रोपं बोटभर झाली की सशक्त ते एक ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापावीत. उपटली तर शेजारणीचं मूळ हलतं.

रानफूल_२

वाचतेय. स्वयंपाकघरातल्या डब्यातली बडीशेप पेरली तर उगवेल का? की वेगळं बियाणंच आणावं लागतं?

अण्णा_बागवाले

भाजलेली नसेल तर उगवते. भाजलेल्या दाण्यातला अंकुर मेलेला असतो, तो कितीही भिजवला तरी येणार नाही. साखरेचा थर दिलेलीही सोडून द्या.

प्रश्न असतो जुनेपणाचा. बडीशेपेचं बी दोन-तीन वर्षांनंतर झपाट्याने कमजोर होतं, आणि डब्यातली कोणत्या हंगामातली हे कळायला मार्ग नाही. म्हणून आधी परीक्षा घ्या. वीस दाणे मोजून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा, फडकं वाळू देऊ नका. दोन आठवड्यांत निम्म्यांना तरी मोड आले तर पेरायला हरकत नाही, फक्त जरा दाट टोका. चार-पाचच आले तर ते बी सोडून द्या.

आणि डब्यातल्या दाण्यातून गड्ड्याची जात मिळेल अशी आशा ठेवू नका. तो दाणा उंच जातीचाच असतो. गड्ड्यासाठी त्या जातीचं बियाणं वेगळं घ्यावंच लागतं.

हिरवी_सावली

कुंडीत होते का कोणाकडे? माझ्याकडे जमीन नाही, गच्ची आहे. ऊन भरपूर.

निळावंती

होते. कुंडी पसरट नको, खोल हवी. गड्ड्याच्या जातीला निदान तीस सेंटिमीटर खोली, दाण्याच्या जातीला चाळीसच्या पुढेच. माती, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू असं मिश्रण. नुसतं कोकोपीट भरलं तर झाड उंच झाल्यावर वाऱ्याने मुळासकट डुलायला लागतं, बुडाला वजन हवं. लांबट कुंडीत गड्ड्यांना वीस ते पंचवीस सेंटिमीटर अंतर द्या. उंच जातीचं मोठ्या कुंडीत एकच झाड.

गच्चीवरच्या कुंडीचा खरा शत्रू दुपार. कुंडी बाजूने तापते, मुळं भाजतात आणि सोटमूळ दादा म्हणाले तो ताण बसतो. कुंडीच्या बाहेरून पोतं गुंडाळते आणि वर वाळक्या पानांचं आच्छादन घालते. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. खाली ओल लागली पाहिजे, चिखल नाही.

सोटमूळ

+१. पाण्याबद्दल एवढंच वाढवतो, की 'कमी' आणि 'जास्त' यापेक्षा 'एकसारखं' महत्त्वाचं. आठवडाभर कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं की फुगत आलेला गड्डा उभा तडकतो. आणि पाणी साचलं की मूळ कुजतं, विशेषतः भारी काळ्या जमिनीत. तिथे गादीवाफा केल्याशिवाय बडीशेपेच्या नादी लागू नये.

खत पेरणीआधी मुरलेलं शेणखत, बस. नत्राचा मारा केला तर पाला गर्द होतो, दांडे पोकळ आणि लुसलुशीत राहतात, पहिल्या वाऱ्यात आडवे होतात, आणि मावा ही कीड तर हटकून येते. दाण्याची जात दीड-दोन मीटर जाते. तुरे येण्याआधीच काठीचा आधार द्या, नंतर बांधायला गेलात की दांडे मोडतात.

मातीवेडी

नत्राचा मुद्दा लक्षात आला. गड्ड्याला मातीची भर घालायची असते ना? कधी आणि किती?

निळावंती

बूड कोंबडीच्या अंड्याएवढं झालं की. गड्ड्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग झाकेल इतकी भुसभुशीत माती दोन्ही बाजूंनी ओढायची. मधला पाला जिथून फुटतो तिथे माती पडू द्यायची नाही, आत ओल धरून कूज होते. भर दिल्याने ऊन लागत नाही, गड्डा पांढरा आणि गोडसर राहतो, शिवाय झाड सरळ उभं राहतं.

याला आपण गड्डा म्हणतो पण तो जमिनीखालचा कंद नाही. पानांच्या देठांची बुडं जाड होऊन एकमेकांवर बसलेली असतात. म्हणूनच पाला खुडताना हात आवरावा लागतो. गड्ड्याच्या जातीचं एक पान काढलं म्हणजे गड्ड्याचा एक थर उपाशी राहिला. पाला हवा असेल तर दाण्याच्या जातीचा घ्या, आणि तिचाही एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

कुंपणापलीकडे

थोडा वेगळा विषय. बडीशेप टोमॅटोजवळ लावू नये, ती शेजारच्या झाडांना वाढू देत नाही, असं कायम वाचनात येतं. म्हणून तिला बागेच्या कोपऱ्यात एकटी टाकली आहे. यात खरोखर तथ्य आहे का?

अण्णा_बागवाले

माझ्या पाहण्यात आहे. घेवड्याच्या ओळीचं जे टोक बडीशेपेजवळ होतं तेच खुरटलं.

सोटमूळ

अण्णा, तुमचं निरीक्षण मी नाकारत नाही, पण कारण दुसरं असू शकतं. बडीशेपेचा अर्क किंवा तेल बियांवर घातलं तर काही बियांचं उगवणं मंदावतं, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण अर्क एकवटलेला असतो. वाफ्यात उभ्या झाडाच्या मुळांतून तितकं काही झिरपतं असं धरून चालता येत नाही. उलट पुरुषभर उंचीचं झाड, त्याची सावली आणि चारी दिशांनी पाणी ओढणारं मूळ एवढं घेवडा खुरटायला पुरेसं आहे.

करायचं मात्र दोन्ही बाजूंनी तेच: अर्धा-पाऊण मीटर अंतर सोडायचं आणि सावली कुणावर पडणार नाही अशा कडेला तिला लावायचं. बागेबाहेर हाकलू नका, कारण ती फुलल्यावर इतर पिकांना तिचा फार उपयोग असतो. त्याबद्दल कोणी लिहिणार असेल तर थांबतो.

भुंगा

मी लिहितो, हा माझा आवडीचा भाग.

बडीशेपेचं फूल इतकं बारीक असतं की भिंगाशिवाय त्याचं रूप कळत नाही. पाच पिवळ्या पाकळ्या, त्या आत वळलेल्या. मधोमध मधाची चकचकीत उशी, पूर्ण उघडी. काही फुलांना असते तशी खोल नळी नाही, की आत खोल जाण्यासाठी लांब सोंड लागावी. त्यामुळे आखूड तोंडाचे कीटकही जेवून जातात: लहान मधमाश्या, फुलमाश्या, आणि अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या. फुलमाशीचं पिल्लू मावा खातं. गांधीलमाशी अळ्यांचा बंदोबस्त करते. तुमच्या कोबी-वांग्यांचे राखणदार या छत्रीवर, म्हणजे छत्रीसारख्या पसरट तुऱ्यावर, पोसले जातात. म्हणून फुलोऱ्यावर काहीही फवारू नका. निंबोळी अर्कसुद्धा नको.

आणखी एक. प्रत्येक फुलात आधी पुंकेसर पिकतात आणि पराग सांडून जातो, मग स्त्रीकेसर तयार होतो. म्हणजे फूल स्वतःचं स्वतः फळत नाही, पराग दुसऱ्या फुलातून यावा लागतो. झाडावरच्या छत्र्या मागेपुढे फुलत असल्यामुळे एकाच झाडावरही दाणा धरतो, पण कीटकांची ये-जा हवीच. जाळीखाली झाकलेल्या झाडावर दाणे पोचट राहतात. तीन-चार झाडं जवळ जवळ असतील तर दाणा भरण्यात फरक पडतो.

मातीवेडी

भुंगा, हे वाचून संध्याकाळी भिंग घेऊन बसणार आहे. माझ्या गड्ड्याच्या जातीचे दांडे फुलू दिले तर निदान माश्यांना तरी मिळेल.

भुंगा

फुलू द्या, पण एक सांभाळा. दाण्याची आणि गड्ड्याची जात एकाच प्रजातीतली, दोन्ही एकाच वेळी फुलल्या तर त्यांचा संकर होतो. खायच्या दाण्याला काही फरक पडणार नाही, पुढच्या वर्षी पेरायचं बी मात्र सरमिसळ होईल, ना धड गड्डा ना धड दाणा. बी धरायचं असेल तर त्या हंगामात एकच जात फुलू द्या. तांबूस पाल्याची शोभेची जात असेल तर तीही यातच धरा.

रानफूल_२

माझ्याकडे पाल्यावर अळ्या आल्यात! हिरव्या, अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांत नारिंगी ठिपके. काडी लावली की डोक्यामागून नारिंगी दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढतात आणि विचित्र वास येतो. काय करू?

भुंगा

काहीच करू नका! ही फुलपाखराची अळी आहे, पापिलिओ वंशातली. शेपटीवालं मोठं पिवळं-काळं फुलपाखरू होतं तिचं. ते जाणूनबुजून गाजर-बडीशेपेच्या कुळावरच अंडी घालतं, कारण अळीला तोच पाला चालतो. लहानपणी ती काळी आणि मधोमध पांढरी असते, पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी. दोन-तीन कात टाकल्या की तुम्ही वर्णन केलंत ते रूप येतं. शिंग म्हणजे तिचं संरक्षण. ती चावत नाही, डसत नाही.

अण्णा_बागवाले

भुंगा, जीव वाचवण्याशी मी सहमत आहे, पण कुंडीत एकच झाड असेल तर चार मोठ्या अळ्या ते दोन दिवसांत काडी करून ठेवतात. तेव्हा फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायच्या. त्यासाठी मी एक झाड बाजूला राखतोच, त्याच्याकडे दाण्यासाठी बघतच नाही.

भुंगा

अण्णा, तुमचा उपाय माझ्याहून बरा आहे. फक्त ते झाड बडीशेपेचं, शेपूचं किंवा गाजराचंच असू द्या.

हिरवी_सावली

माझ्या तुऱ्यांवर चिकट थर आणि बारीक हिरवट किडे. हाच मावा ना?

निळावंती

हो. चिकटा म्हणजे त्यांनीच टाकलेला गोड रस, त्यावर नंतर काळी बुरशी धरते आणि दाणे काळवंडतात. सुरुवातीला असेल तर पहाटे पाण्याची जोरदार धार, छत्रीच्या खालच्या बाजूने. तीन-चार दिवस लागोपाठ. फार माखलेली छत्री सरळ कापून टाका. आधी नीट बघा, चिलटाएवढ्या चपट्या अळ्या किंवा लेडीबर्डची काळी-नारिंगी पिल्लं माव्यात फिरत असतील तर तुमचं काम ती करताहेत.

पाल्यावर पांढरी पूड दिसली तर ती भुरी. दाटी कमी करा, पाणी पाल्यावर न देता बुडाशी द्या.

कुंपणापलीकडे

काढणीचं कोणी लिहिलंच नाही. माझ्या एकाच झाडावर काही दाणे हिरवे, काही पिवळे, काही करडे होऊन गळतायत. एकदम कापायचं का?

अण्णा_बागवाले

एकदम कधीच नाही. बडीशेप एका दमात पिकत नाही. मधल्या मुख्य दांड्यावरची छत्री सगळ्यात आधी, मग बाजूच्या फांद्यांवरच्या, मग त्यांच्या फुटव्यांवरच्या. सगळ्या पिकायची वाट बघितलीत तर पहिली, म्हणजे सर्वात भरलेली छत्री, मातीत गळून जाते. दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारून जी छत्री तयार ती कात्रीने घ्यायची.

तयार म्हणजे काय ते तुम्हाला दाणा कशाला हवा त्यावर. पूर्ण लांबी भरली आहे पण अजून हिरवागार आणि मऊ आहे, तेव्हा चव सर्वात गोड आणि नाजूक. हिरव्याचा पिवळट झाला, रेघा उठून दिसायला लागल्या, की साठवणीचा. करडा-तपकिरी होऊन देठावरच दोन फाकांत सुटायला लागला की बियाण्याचा. बियाण्यासाठी मुख्य दांड्यावरची छत्री राखून ठेवा आणि गळ होऊ नये म्हणून तिच्यावर कागदी पिशवी सैल बांधा. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरतो.

वाळवायची सावलीत. उन्हात टाकली की हिरवा रंग उडतो आणि वासही जातो, कारण वास तेलाचा आहे आणि ते उडून जाणारं आहे. छत्र्यांच्या जुड्या उलट्या टांगून खाली स्वच्छ कापड अंथरा. दाणा नखाने दाबल्यावर वाकला नाही, मोडला, म्हणजे वाळला. मग तळहातांत चोळून सुटा करायचा आणि सुपात पाखडायचा. काड्या मागे राहतात, पोचट दाणे उडून जातात.

सोटमूळ

अण्णांच्या 'रेघा' या शब्दावरून. वाळलेल्या दाण्याला पाठीवर पाच उभ्या कडा असतात, आणि कडांच्या मधल्या खोबणींखाली तेलाच्या बारीक नळ्या. दाणा धारदार पात्याने आडवा कापून भिंगाखाली धरला तर त्या काळसर ठिपक्यांसारख्या दिसतात. बडीशेपेचा गोड वास ज्याचा, ते अॅनेथॉल याच नळ्यांत. फेन्कोन नावाचा दुसरा घटक कडवट, कापरासारख्या वासाचा. ज्या जातीत तो जास्त ती कडू बडीशेप. तुमचा दाणा कडसर लागला तर दोष दर वेळी तुमच्या मातीचा नसतो, पुष्कळदा जातीचाच असतो.

साठवण काचेच्या बरणीत, अंधारात, अख्खा दाणा. दळून ठेवलात तर नळ्या फुटून तेल लवकर उडतं. आणि भरण्याआधी दाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आहेत का बघा. एक अतिबारीक गांधीलमाशी कोवळ्या दाण्यात अंडी घालते आणि तिची पिढी आतून दाणा पोखरून बाहेर पडते. असे दाणे बियाण्यात ठेवू नका.

हिरवी_सावली

पाला कापताना दुपारी हातावर चीक लागला आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा आला. योगायोग असेल का?

निळावंती

नसावा. या कुळातल्या पुष्कळ झाडांच्या रसात असे घटक असतात की ते कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर चट्टा येतो. सगळ्यांना होत नाही. छाटणी संध्याकाळी करा, लांब बाह्या घाला, नंतर साबणाने हात धुवा. चट्टा वाढला तर डॉक्टरांना दाखवा.

कुंपणापलीकडे

गळलेल्या दाण्यांचं काय? झाडाखाली आताच पात्यांची गर्दी दिसतेय.

सोटमूळ

बडीशेप स्वतःचं बी स्वतः पेरते आणि भरपूर पेरते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांताक्रूझ बेट आहे. तिथली गुरं-मेंढ्या हटवल्यावर बडीशेपेने मोठमोठे पट्टे बळकावले, स्थानिक झाडांना जागा उरेना. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही ती रस्त्याकडेला माजलेली असते. मूळची ती भूमध्य सागराच्या काठची, आणि तसंच कोरडा उन्हाळा-ओला हिवाळा असं हवामान मिळालं की तिला आवरणं कठीण जातं.

म्हणून तुमच्या बागेमागे माळ, ओढा, रान असेल तर दाणा गळू देऊ नका. जेवढ्या छत्र्या राखायच्या तेवढ्याच पिकू द्या, बाकीच्या फुलं ओसरताच कापा. उगवलेली पाती दोन पानांवर असतानाच खुरपून काढा. महिनाभराने तेच सोटमूळ ओढायला कुदळ लागते.

आणि हे उलट बाजूनेही: रानात आपोआप उगवलेलं बडीशेपेसारखं झाड कधीही तोडून खाऊ नका. याच कुळात हेमलॉकसारखी अत्यंत विषारी झाडं आहेत. त्याच्या दांड्यावर जांभळे डाग असतात आणि पाल्याला उग्र वास येतो, पण खात्री नसताना वासावर जीव टाकू नये. आपण पेरलेलं तेवढंच आपलं.

मातीवेडी

किती नेमकं मिळालं सगळ्यांकडून. मनापासून आभार. दांडा सुटलेले गड्डे काढते, फुलोऱ्यासाठी फक्त उंच जात ठेवते, आणि गड्ड्याचं बी हवा निवली की जागेवरच टोकेन.

शेवटचे दोन प्रश्न. गड्डा काढताना मुळासकट उपटायचा की कापायचा? आणि दाणा काढून झाल्यावर उंच झाडाचं काय करायचं?

निळावंती

गड्डा जमिनीच्या किंचित वर धारदार सुरीने कापा, मूळ राहू द्या. हवा गार असेल तर त्याच बुडातून बारीक कोवळे फुटवे येतात. त्यांचा पुन्हा मोठा गड्डा होत नाही, पण पाला फार सुरेख मिळतो.

अण्णा_बागवाले

उंच झाडाचे वाळलेले दांडे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, बुडाशी एक घमेलं शेणखत घाला, आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका. मूळ निरोगी असेल तर नवे धुमारे फुटतात. दोन-तीन वर्षं दाणा चांगला भरतो, मग बारीक पडायला लागतो. तेव्हा जुनं झाड काढून बियाण्याच्या छत्रीतलं बी नव्या जागेत टोका. त्याच जागेत लगेच गाजर, धने, शेपू लावू नका, रोग-किडी तेच असतात. तिथे शेंगभाजी घ्या.